आभाळही दिसेल, आजीही दिसेल: एकाच फोटोतून एचडीआर

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ठाण्याच्या उपवन तलावावर आमच्या सोसायटीतली एक मुलगी मोबाइल पुढे करून म्हणाली, "काका, आभाळ नीट आलं की आजी काळी होते. आजीवर टॅप केलं की आभाळ पांढरंफट्ट. दोन्ही एकदम का येत नाही?" आजी काठावरच्या कट्ट्यावर बसली होती. मागे पाणी, पाण्यापलीकडे येऊरच्या डोंगराची कड आणि कडेखाली नुकताच गेलेला सूर्य. आम्हा दोघांना डोळ्यांनी सगळं दिसत होतं. आजीच्या साडीचा काठ दिसत होता, ढगातला केशरी पट्टाही दिसत होता. फोटोत मात्र दोनातलं एकच काहीतरी येत होतं.

तिला तिथे उभ्याउभ्या जे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी घरी कंप्युटरवर जे दाखवलं, ते सगळं इथे सविस्तर लिहितो. कॅमेरा नवा असेल किंवा नुसता मोबाइल असेल, तरी चालेल.

आधी दुखणं कुठे आहे ते कळू द्या

उजेड दुप्पट झाला की फोटोग्राफीत त्याला एक स्टॉप वाढला असं म्हणतात. दोन स्टॉप म्हणजे चौपट, दहा स्टॉप म्हणजे हजारपटीच्या वर. मावळतीच्या आभाळापासून त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या आजीच्या साडीच्या घडीपर्यंत मोजलं, तर फरक सहज दहा स्टॉपच्या पुढे जातो. मोठ्या सेन्सरचे (उजेड टिपणारी चकती म्हणजे सेन्सर) आजचे चांगले कॅमेरे कमी आयएसओवर, म्हणजे टिपलेला उजेड फारसा न वाढवता, साधारण बारा ते चौदा स्टॉप टिपू शकतात. म्हणजे बऱ्याचदा कॅमेऱ्याने सगळं पाहिलेलं असतं. अडचण पुढे येते. साधा स्क्रीन किंवा छापलेला कागद एवढा मोठा फरक दाखवूच शकत नाही, कागदाची धाव तर सहा-सात स्टॉपांच्या आसपास संपते. मोठी गोधडी लहान पेटीत बसवायची तर ती घडी घालूनच बसवावी लागते. एचडीआरचं, म्हणजे हाय डायनॅमिक रेंजचं, काम म्हणजे ही घडी.

खरा एचडीआर अनेक फोटोंचा असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एक फोटो अंधारलेला, एक मधला, एक उजळ घ्यायचा आणि तिघांना एकत्र करायचं. डिजिटल फोटोंसाठी याचं गणित पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली मांडलं. कल्पना मात्र फार जुनी आहे. ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ साली, आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे हा छायाचित्रकार समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह जोडून एक चित्र छापत होता. तेव्हाच्या काचेवर समुद्र आणि आभाळ एकदम उतरत नसे. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे पावणेदोनशे वर्षं जुना प्रश्न आहे.

मग एकाच फोटोवर का भागवायचं? कारण आपल्याकडे सगळं हलतं. तलावपाळीवरची बोट हलते. नेरूळच्या पाणथळीत फ्लेमिंगो मान वर करतो, तोवर दुसरा फोटो निघालेला असतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लेझीमवाल्या मुलींना "तीन फोटोंसाठी थांबा" असं कोण सांगणार? तीन फोटो जोडले की अशा ठिकाणी भुतं दिसतात, एका हाताचे तीन हात होतात. एका फोटोत हा प्रश्नच येत नाही.

मात्र एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. एका फोटोतून जे निघतं ते एचडीआरचं रूप असतं. फाइलमध्ये जेवढा उजेड नोंदला गेला, त्याच्या पलीकडचं एक कणही कुठलं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही. म्हणून या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कंप्युटरवरचा नाही, शटर दाबण्याआधीचा आहे.

टिपताना: आभाळ वाचवा

पहिलं काम, कॅमेऱ्यात रॉ चालू करा, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं साठवणारी फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६. सावली उचलायची म्हणजे थोड्या पायऱ्या ताणून मोठ्या जागेत पसरायच्या. जेपेगमध्ये ताणलं की आभाळात पट्टे दिसतात आणि काळ्या भागात चौकोनी ठिगळं येतात.

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या सकाळी मी सगळी यात्रा जेपेगमध्ये टिपली. कार्डात जास्त फोटो मावावेत एवढाच विचार होता. कोवळं ऊन, त्यात पांढऱ्या टोप्या, भगवे ध्वज, आणि फुटपाथवर झाडाच्या सावलीत उभी असलेली माणसं. घरी येऊन पाहिलं तर टोप्यांना सुरकुती नाही, पोत नाही, नुसता कोरा कागद. ध्वजाच्या भगव्यात लाल रंग वरच्या टोकाला जाऊन अडकलेला, त्यामुळे कापडाच्या घड्या सपाट झालेल्या. त्या फोटोंवर नंतर कितीतरी तास घालवले, पण टोपीची सुरकुती परत आली नाही. तेव्हापासून रॉ शिवाय मी बाहेर पडत नाही.

दुसरं काम, एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, उजळ भागासाठी ठरवा. कॅमेऱ्यात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन असतं, ते उणे एक किंवा उणे दीडवर न्या. एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम बघा, त्यात डावीकडे फोटोतला काळोख आणि उजवीकडे उजेड मांडलेला असतो. डोंगरासारखी ती आकृती उजव्या भिंतीला चिकटून उभी राहिली असेल, तर उजळ भाग जळाला. भिंतीच्या थोडी अलीकडे टेकत असेल तर उत्तम. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय असते, ती कायमची चालू ठेवा. हा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडा जास्त उजेड शिल्लक असतो. ती शिल्लक अडीअडचणीसाठी ठेवा, तिच्या भरवशावर आभाळ जाळू नका.

आता तुम्ही विचाराल, आभाळासाठी एवढं खाली आलो तर आजी पार काळी होणार. होऊ द्या. काळ्यातून माणूस बाहेर काढता येतो. पांढऱ्यातून ढग काढता येत नाही, कारण तिथे सेन्सरची बरणी भरून वाहून गेलेली असते.

ही बरणी मनात ठेवा, उपयोगी पडेल. गच्चीवर ओळीने बरण्या मांडल्या आणि पावसाची एक सर येऊन गेली, असं समजा. उघड्यावरच्या बरण्यांत भरपूर पाणी साचेल आणि ते सगळ्यांत जवळजवळ सारखं असेल. पत्र्याखालच्या बरण्यांत मात्र चारदोनच थेंब पडतील. एकीत तीन, शेजारच्या दुसरीत सात. फोटोच्या सावलीत नेमकं हेच होतं. उजेडाचे कण इतके थोडे पडतात की एक ठिपका आणि शेजारचा ठिपका यांत उगाचच मोठा फरक दिसतो. सावली उचलली की हा फरकही उचलला जातो, आणि त्यालाच आपण नॉइज म्हणतो. म्हणून आयएसओ शक्य तेवढा कमी ठेवा, १०० किंवा कॅमेऱ्याचा जो मूळ असेल तो. आणि उगाच जरुरीपेक्षा अंधारलेला फोटोही काढू नका. आभाळ न जळता जेवढा उजेड घेता येईल तेवढा घ्यायचा.

मोबाइलवर असाल तर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. मग शेजारचा स्लायडर खाली ओढा. प्रो मोडमध्ये रॉ असेल तर तोही चालू करा, फाइल डीएनजी नावाने साठते. इथे एक गंमत आहे. हल्लीचे बरेच फोन एका क्लिकमध्ये स्वतःच अनेक फोटो काढून जोडतात. म्हणजे मोबाइलचा साधा जेपेग आधीच थोडा एचडीआर झालेला असतो आणि त्याच फोनचा एकेरी रॉ त्याच्यापुढे खडबडीत वाटू शकतो. दोन्ही काढून ठेवा आणि घरी तुलना करा. ज्याची सावली स्वच्छ असेल त्याच्यावर काम करा.

त्या संध्याकाळी मी माझ्या कॅमेऱ्याने तोच फोटो घेतला. आयएसओ १००, एफ ५.६, १/१२५ सेकंद. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आजी म्हणजे नुसती आकृती होती. मुलगी हिरमुसली. तिला म्हटलं, उद्या ये.

सॉफ्टवेअर कुठलं

पैसे खर्च न करता सुरुवात करा. कंप्युटरवर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही रॉ उघडतात. मोबाइलवर स्नॅपसीड मोफत आहे, त्यात डीएनजी उघडते. लाइटरूम वापरत असाल तर तेही छान. खाली स्लायडरची नावं देतो ती थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतील.

सावली उचलणं, क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. नवशिके सहसा शॅडोजचा स्लायडर आधी धरतात आणि टोकाला नेतात. मग फोटो राखाडी होतो आणि पुढे कितीही केलं तरी सावरत नाही.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा गरम-थंड तोल. मावळतीचा फोटो "ऑटो"वर थंड होतो, केशरी पट्टा फिका पडतो. "डेलाइट" निवडून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

मग एक्सपोजर. आभाळाकडे बघू नका, माणसाकडे बघा. आजीच्या फोटोत मी ते १.३ स्टॉप वाढवलं, तेव्हा तिचा चेहरा ओळखू यायला लागला. आभाळ त्या क्षणी पांढुरकं दिसलं. घाबरायचं नाही, रॉमध्ये ते अजून शाबूत आहे.

आता हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली, उणे साठ ते उणे ऐंशीपर्यंत. इथे केशरी पट्टा परत आला, त्याच्या वरचा फिका जांभळा रंगही आला. त्यानंतर शॅडोज वर, पण अधिक चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास थांबा. थांबायचं कुठे, हे कळायची माझी एक खूण आहे: सावली अजून सावली वाटली पाहिजे. सूर्य मागे असताना पुढच्या माणसाचा चेहरा आभाळाइतकाच उजळ दिसला तर डोळा लगेच म्हणतो, हे खोटं आहे. कारण का ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही, पण त्याला ते जाणवतं.

लगेच ब्लॅक्स थोडे खाली आणा, उणे दहा ते उणे वीस. ही पायरी बहुतेक जण गाळतात. सावली उचलली की फोटोतला खरा काळा रंगही करडा होतो आणि सगळ्यावर धूर पसरल्यासारखं वाटतं. कुठेतरी अस्सल काळं हवं, केसांच्या अंबाड्याखाली, कट्ट्याच्या फटीत, झाडाच्या बुंध्यामागे. त्या काळ्याच्या शेजारी बाकीचा उजेड उजेड वाटतो.

डार्कटेबलमध्ये हेच काम करायला टोन इक्वलायझर नावाचं एक फार चांगलं साधन आहे. त्यात उजेडाचे स्टॉपवार पट्टे पाडलेले असतात. माउस फोटोतल्या काळ्या साडीवर न्या आणि चाक फिरवा, तेवढाच पट्टा वर येतो. आभाळावर नेऊन उलटं फिरवा, तेवढंच खाली येतं. कडा ओळखून काम होत असल्याने डोंगराची रेघ सहसा तुटत नाही. एकदा हाताला सवय झाली की बाकीचे स्लायडर सोडून यानेच काम करावंसं वाटेल.

पुढे लोकल कॉन्ट्रास्ट. नावं वेगळी असतात, कुठे क्लॅरिटी, स्नॅपसीडमध्ये स्ट्रक्चर. घडी घातली की गोधडीचे टाके दबतात, तसे उजेडाचा फरक कमी केल्यावर पोत दबतो. लोकल कॉन्ट्रास्ट तो पोत परत उठवतं. अधिक दहा-पंधरा पुरे. याच स्लायडरने एचडीआर बदनाम झाला आहे. टोकाला नेला की ढग लोखंडाच्या कातरणासारखे दिसतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती खणून काढल्यासारखी दिसते. माणसाच्या चेहऱ्यावर तो अजिबात लावू नका, मास्क करून, म्हणजे तेवढा भाग झाकून, चेहरा वगळा. आजीच्या चेहऱ्यावर मी फक्त ब्रशने अर्धा स्टॉप उजेड दिला, तोही कपाळ आणि गालाच्या आभाळाकडच्या बाजूने, जिथे तो खरोखर पडलेला होता.

रंग शेवटी. सावली उचलली की रंग कधी फिके पडतात, कधी भडकतात. सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स वापरा, तो फिक्या रंगांना आधी हात लावतो. पाण्याचा रंग मुद्दाम निळा करू नका. आपल्या तलावांचं पाणी हिरवट असतं, आणि संध्याकाळी त्यात आभाळ उतरलं की त्याचा जो रंग होतो तो तसाच सुंदर आहे.

नॉइज काढायचा तो सावलीतलाच काढा, आणि रंगाचे ठिपके आधी. बारीक करडी रवाळ झाक राहिली तर राहू द्या, छापल्यावर ती दिसतही नाही.

एका रॉचे दोन फोटो करून जोडणं

वरच्या पद्धतीने दहातले आठ फोटो होतात. उरलेल्या दोघांसाठी ही दुसरी पद्धत. वेळ लागतो, पण हातात जास्त ताबा राहतो.

त्याच रॉमधून दोन फाइली काढा. एकीत फक्त आभाळ बघून एक्सपोजर ठेवा, जमीन काळी झाली तरी चालेल. दुसरीत फक्त जमीन बघून, आभाळ गेलं तरी चालेल. दोन्ही १६ बिट टिफमध्ये साठवा. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये, २.१० किंवा पुढची आवृत्ती घ्या, उजळ फाइल खाली आणि आभाळवाली वर, असे दोन लेयर, म्हणजे थर, करा. वरच्या लेयरला लेयर मास्क द्या आणि मास्क कशाचा हवा असं विचारलं की लेयरची ग्रेस्केल प्रत निवडा. आता काय झालं बघा. आभाळ उजळ, म्हणून मास्क तिथे पांढरा, म्हणून तिथे वरचा लेयर दिसतो. जमीन काळी, म्हणून मास्क काळा, म्हणून तिथे खालची उजळ जमीन दिसते. फोटोने स्वतःच स्वतःचा मास्क कापून दिला.

मास्क निस्तेज वाटला तर लेव्हल्सने त्याचा काळा-पांढरा फरक वाढवा. मग त्याला गॉशियन ब्लर द्या, म्हणजे तो धूसर करा. इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळी गोम याच आकड्यात आहे. ब्लर अगदी कमी ठेवला तर फोटो चपटा दिसतो, कारण पानापानाचा उजेड वेगवेगळा दाबला जातो. ब्लर फार दिला तर येऊरच्या कडेभोवती उजळ पट्टा उमटतो, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तसा. वीस पिक्सेलपासून सुरू करा, कडेवर झूम करून बघा आणि प्रभावळ दिसायला लागली की दोन पावलं मागे या. झाडांच्या फांद्या आभाळात घुसल्या असतील तिथे मास्कवर मऊ ब्रशने हाताने रंगवावं लागतं.

अशा फाइली आपोआप मिसळणारे प्रोग्रॅमही आहेत. एन्फ्यूज हा मोफत आहे आणि तो २००७ साली मांडल्या गेलेल्या एक्सपोजर फ्युजनच्या पद्धतीने प्रत्येक फाइलमधला चांगला भाग उचलतो. पण एकाच रॉच्या पाच-सात फाइली करून त्याला देण्यात काही हशील नाही. फाइली वाढल्या म्हणून उजेड वाढत नाही, सगळ्या एकाच आईची लेकरं. दोन, फार तर तीन पुरेत.

मोबाइलवर स्नॅपसीडमधला एचडीआर स्केप हा तयार फिल्टरही आहे. त्यातलं "फाइन" घ्या, जोर बराच कमी करा, आणि केलेल्या एडिटमध्ये परत जाऊन ब्रशने तो फक्त हवा तिथेच लावा. सगळ्या फोटोवर पूर्ण जोराने लावलेला हा फिल्टर मला तरी बघवत नाही.

कुठे हे करूच नये

जुलैत येऊरला ढग उतरलेले असतात तेव्हा सगळीकडे सारखाच मऊ उजेड असतो. तिथे दाबायला फरकच नाही. एचडीआर केलं तर धुकं मळकं दिसतं. खाडीच्या पाण्यावर होडीची काळी आकृती सुंदर दिसत असेल तर तिला काळीच राहू द्या. वाशीच्या सागर विहारवरून सूर्य खाडीत मावळताना पुलाच्या खांबांतलं सिमेंट दाखवून काय मिळणार? पण तिथेच काठावर जाळं आवरणारा कोळी बसला असेल आणि त्याचे हात तुम्हाला दाखवायचे असतील, तर मात्र सगळी खटपट करा. जिथे उजेड आणि सावली दोन्हीत बघण्यासारखं काही असेल, तिथेच ही पद्धत कामाची आहे.

साठवताना

मूळ रॉ कधी पुसू नका. सॉफ्टवेअर सुधारतात, तुमचा हातही सुधारतो, दोन वर्षांनी तोच फोटो उघडाल तर त्यातून जास्त निघेल. पाठवायची प्रत जेपेग, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, नव्वदच्या आसपास क्वालिटी. पाठवण्याआधी तासभर फोटो बंद ठेवा. सारखं बघून डोळा सोकावतो आणि भडक झालेलं भडक वाटत नाही. परत उघडल्यावर जे पहिलं खटकेल ते अर्ध्यावर आणा. मग मोबाइलवर, ब्राइटनेस मधोमध ठेवून, एकदा बघा.

आजीच्या फोटोत तासाभराने मला शॅडोज जास्त वाटले. पंचेचाळीसवरून तीसवर आणले. कट्ट्यामागचं झाड पुन्हा काळं झालं, आणि त्या काळ्यावर आजीच्या साडीचा काठ उठून दिसायला लागला. मुलगी म्हणाली, "काका, झाड पण दिसत होतं ना मघाशी?" मी तिला तिथे उभं असताना ते दिसलं होतं का, एवढंच विचारलं. तिने थोडा विचार केला, मग म्हणाली, "नाही. मी आजीकडेच बघत होते."